परदेशच्या शाळेसाठीं घर सोडणारें शिक्षक-दांपत्य

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं आपल्या शाळेंत एक निरोपसमारंभ झाला, तो वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना आठवत असेल. गणित शिकविणारे एक सर व प्राथमिक वर्गांना शिकविणाऱ्या त्यांच्या पत्नी, अशीं दोघेंही एकाच दिवशीं शाळा सोडून गेलीं. बावधनचें हें दांपत्य. आफ्रिका खंडांतील एका आंतरराष्ट्रीय शाळेंत दोघांनाही नेमणूक मिळाली होती. हार घालून झाले, पेढे वाटून झाले, आणि मुलें पांगूं लागलीं तेव्हां आठवींतील एका मुलीनें मला विचारिलें, "सर, तीं पैशासाठींच गेलीं ना?" मीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर द्यावयास पाहिजे होतें, ही टोचणी मनाला लागून राहिली. कित्येक पालकांच्या मनांतही हाच प्रश्न असेल. म्हणून अशा शाळा म्हणजे काय, तेथें जोडप्यानें कां बोलावितात, आणि जाणारांस काय मिळतें व काय सोडावें लागतें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

बावधन म्हणतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें वाईजवळचें, बगाडाच्या यात्रेचें बावधन उभें राहतें. आपलें बावधन तें नव्हे. हें पुण्याच्या पश्चिमेस, चांदणी चौकाच्या पलीकडे, राम नदीच्या कांठीं, मुळशी तालुक्यांत वसलेलें. एकेकाळीं शेतीवर जगणाऱ्या या गांवांत आज उंच इमारतींची दाटी झाली आहे. २०२१ सालीं बावधन बुद्रुक पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. चांदणी चौकांतील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरांत पाडला गेला व २०२३ च्या ऑगस्टांत नवा उड्डाणपूल खुला झाला. ज्या गांवांत बाहेरून इतकीं माणसें येऊन राहिलीं, तेथून कांहीं माणसें बाहेर जाणार, यांत नवल नाहीं.

आतां आंतरराष्ट्रीय शाळेविषयीं. हा शब्द हल्लीं अनेक पाट्यांवर दिसतो. परंतु त्याचा मूळ अर्थ निराळा आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, राष्ट्रसंघ स्थापन झाला. त्याचें व जागतिक कामगार संघटनेचें ठाणें स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा शहरीं होतें. तेथें देशोदेशींचे अधिकारी सहकुटुंब येऊन राहिले. त्यांच्या मुलांनीं कोणत्या भाषेंत व कोणत्या देशाचा इतिहास शिकावा? ही अडचण दूर करण्यासाठीं १९२४ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. त्याच वर्षीं जपानांतील योकोहामा बंदरींही अशीच एक शाळा सुरू झाली. पुढें, वडिलांची बदली झाली तरी मुलाचें वर्ष फुकट जाऊं नये आणि अनेक देशांच्या विश्वविद्यालयांनीं मान्य करावी अशी परीक्षा असावी, या हेतूनें १९६८ सालीं जिनीव्हा येथेंच 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' ही संस्था स्थापन झाली. आज जगांतील पुष्कळ आंतरराष्ट्रीय शाळा तिचाच अभ्यासक्रम चालवितात.

आपल्या देशांत या प्रकारच्या गरजेची जाणीव मिशनरी कुटुंबांस त्याहूनही आधीं झाली होती. मसुरीची वुडस्टॉक शाळा १८५४ सालची, व कोडाईकनालची शाळा १९०१ सालची. मिशनऱ्यांचीं मुलें दूर मायदेशीं धाडावीं लागत. आईबाप एका खंडांत व लेंकरें दुसऱ्या खंडांत, असा तो वियोग असे. कोडाईकनालच्या शाळेचा आरंभ या वियोगांतूनच झाला.

फार दूर जाण्याचेंही कारण नाहीं. बावधनहून पौड रस्त्यानें निघावें. भूगांव, भुकूम, पिरंगुट मागें टाकून पौडच्या पुढें गेलें म्हणजे खुबवली गांवाजवळच्या टेकडीवर महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज लागतें. तें १९९७ सालीं सुरू झालें. नांव कॉलेजाचें असलें तरी तेथें शालेय शिक्षणाचीं अखेरचीं दोन वर्षें शिकवितात. या संस्थांची मूळ कल्पना कुर्ट हान या जर्मन शिक्षकाची. हिटलरला उघड विरोध केल्यामुळें १९३३ सालीं त्यास अटक झाली; सुटका झाल्यावर तो इंग्लंडला गेला व १९३४ सालीं त्यानें स्कॉटलंडांत गॉर्डनस्टन ही शाळा काढली. निरनिराळ्या देशांचीं मुलें एके ठिकाणीं राहिलीं, जेवलीं, भांडलीं व पुन्हां एक झालीं, तर मोठेपणीं तीं एकमेकांवर शस्त्र उगारण्यापूर्वीं विचार करतील, अशी त्याची श्रद्धा होती. त्या श्रद्धेवर १९६२ सालीं वेल्स प्रांतांत पहिलें कॉलेज उभें राहिलें, आणि मुळशीचें कॉलेज त्याच मालिकेंतील आहे. तेथें शिकविण्यासाठीं परदेशांतून शिक्षक येतात. म्हणजे ज्या रस्त्यानें आपले सर व बाई निघून गेलीं, त्याच रस्त्यानें दुसऱ्या देशांतील गुरुजन आपल्या तालुक्यांत येत असतात.

या खोऱ्यानें घर सोडण्याचा दुसराही प्रकार पाहिला आहे. मुंबईला वीज पुरविण्यासाठीं मुळशीस धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां १९२१ सालीं येथील शेतकऱ्यांनीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह केला. तरीही धरण झालें आणि गांवें पाण्याखालीं गेलीं. आपखुषीनें घर सोडणें व सक्तीनें सोडावें लागणें, यांतील अंतर ज्यास समजलें, तो स्वेच्छेनें जाणाऱ्यांस 'पळालीं' असें सहसा म्हणणार नाहीं.

शाळेसाठीं परक्या देशांत जाणारीं जोडपीं महाराष्ट्रास नवीं नाहींत. जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट हीं दोघें लग्नानंतर लवकरच स्कॉटलंड सोडून निघालीं आणि १८२९ सालीं मुंबईस पोंचलीं. प्रथम कोंकणांत, बाणकोट-हर्णैच्या बाजूस राहून त्यांनीं मराठीचा अभ्यास केला. मुंबईस येतांच मार्गारेटबाईंनीं मुलींच्या शाळा काढल्या. ज्या काळीं मुलीच्या हातांत पाटी देणें हेंच धाडस होतें, त्या काळची ही गोष्ट. १८३२ सालीं विल्सनसाहेबांनीं सुरू केलेल्या शाळेंतून पुढें विल्सन कॉलेज वाढलें. ते मुंबई विश्वविद्यालयाचे कुलगुरु झाले व १८७५ सालीं मुंबईसच वारले. मार्गारेटबाई मात्र येथें आल्यापासून सहाच वर्षांनीं, १८३५ सालीं, मृत्यु पावल्या. आज विल्सन हें नांव शहरांतील मुलासही ठाऊक आहे. मार्गारेट हें नांव किती जणांस ठाऊक आहे? दोघें मिळून कार्य करतात, पण नांव एकाचें राहतें. जोडप्याच्या देशांतराचा विचार करतांना ही गोष्ट विसरूं नये.

उलट दिशेनें गेलेलें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्या १८८३ सालीं आपल्या चिमुकल्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत त्या शिकतही होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. तेथून अमेरिकेस जाऊन १८८९ सालीं त्या परत आल्या व मुंबईस शारदासदन उघडलें. परदेशांत पाहिलेलें त्यांनीं स्वदेशीं आणून पेरलें.

आतां व्यवहाराकडे वळूं. आंतरराष्ट्रीय शाळा शिक्षक-जोडप्यास पसंती देतात, याचीं कारणें साधीं आहेत. शाळा बहुधा राहण्यास घर देते. एका घरांत दोन शिक्षक राहिले तर खर्च वांचतो. परक्या गांवांत एकट्या माणसास उदास वाटतें व तो करार संपतांच निघून जातो; दोघें असलीं तर टिकतात. करार साधारणपणें दोन वर्षांचा असतो. पगाराखेरीज वर्षांतून एकदां मायदेशीं जाण्यायेण्याचें भाडें, औषधोपचाराचा विमा, आणि मुलांस त्याच शाळेंत विनामूल्य किंवा थोड्या शुल्कांत शिक्षण, अशा सवलती पुष्कळ ठिकाणीं असतात. परंतु दोघांपैकीं एकालाच नेमणूक मिळाली, तर दुसऱ्याची स्थिति बिकट होते. अनेक देशांत, नोकरदाराचा आश्रित म्हणून परवाना मिळालेल्या पतीस किंवा पत्नीस तेथें काम करण्याची मुभा नसते. सुशिक्षित माणसानें दोन वर्षें घरांत बसून काढणें ही लहान शिक्षा नव्हे. म्हणून आपल्या सर-बाईंनीं पहिलें आलेलें बोलावणें नाकारलें होतें. तें एकट्या सरांनाच होतें.

कागदपत्रांचें काम कंटाळवाणें, पण टाळतां येत नाहीं. पदवी, बी. एड्., विवाहाचा दाखला व मुलांचे जन्मदाखले सरकारकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात. 'अपोस्टील' नांवाच्या शिक्क्याचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यांत २००५ सालीं सामील झाला. जो देश त्या करारांत असेल, तेथें आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा हा एकच शिक्का चालतो. जो नसेल, त्याच्या वकिलातींतही खेपा घालाव्या लागतात. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला लागतो. शाळा मुलांची असल्यामुळें यांत कांहींही ढिलाई नसते. नेमणुकीचे करार शाळा उघडण्याच्या पुष्कळ महिने आधीं होतात. म्हणून मे महिन्यांत जागें होऊन उपयोग नाहीं. कराराचा कागद ओळीनें वाचावा, आणि नोकरी देण्यासाठीं जो आगाऊ पैसे मागेल त्याच्यापासून दूर राहावें.

आतां सोडावें काय लागतें तें पाहूं. सरांच्या वृद्ध मातोश्री बावधनलाच राहिल्या. औषध कोण आणील, रात्रीं कांहीं झालें तर कोणास हांक मारावी, याची यादी बाईंनीं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून ठेविली आहे. शेजारचें कुटुंब लक्ष ठेवतें. तरीही यादी म्हणजे मुलगा नव्हे, हें त्यांनाही कळतें. दुसरी काळजी त्यांच्या सात वर्षांच्या मुलाच्या मराठीची. शाळेंत इंग्रजी, रस्त्यावर तिसरीच भाषा. मग मराठी उरणार ती जेवणाच्या पानावर. म्हणून रोज रात्रीं एक पान मराठी मोठ्यानें वाचावयाचें व दर रविवारीं आजीला स्वतःच्या हातानें पत्र लिहावयाचें, असा त्यांनीं नियम केला आहे.

दिवाळींत सरांचें पत्र आलें. त्यांतील एक मजकूर येथें देण्याजोगा आहे. पहिल्याच दिवशीं त्यांनीं फळ्यावर १,००,००० हा आंकडा लिहिला, तेव्हां मुलें गोंधळलीं. त्यांना लाख ठाऊक नाहीं. तीं तीन-तीन अंकांनंतर स्वल्पविराम देतात. एका मुलानें तर दशांशचिन्हाच्या जागीं स्वल्पविराम लिहिला, कारण त्याच्या देशांत तीच रीत आहे. "वीस वर्षें गणित शिकविलें," सर लिहितात, "पण आंकडे लिहिण्याचीही एक मातृभाषा असते, हें येथें आल्यावर कळलें."

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतों. बाळ, तीं पैशासाठीं गेलीं का? होय, पैशासाठींही गेलीं. बावधनच्या घरावर कर्ज आहे, तें दोन शिक्षकांच्या पगारांतून फिटण्यास फार वर्षें लागलीं असतीं. प्रामाणिक श्रमाचा मोबदला अधिक मिळतो तेथें जाणें, यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु केवळ पैसाच हवा असता, तर पहिलें बोलावणें त्यांनीं नाकारलें नसतें. त्यांना आपल्या मुलास जग दाखवावयाचें होतें, आणि आपली शिकविण्याची रीत परक्या मुलांपुढें उतरते कीं नाहीं, हेंही पाहावयाचें होतें. तुम्हां मुलांना सोडतांना त्यांना वाईट वाटलें का? शेवटच्या तासाला सरांनीं फळा स्वतः पुसला, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ ते मुलांकडे पाठ करून उभे राहिले. एवढें मीं दारांतून पाहिलें.

अब्राहामापासून माणसें आपला देश व आपलें घर सोडून जात आलीं आहेत. जातांना कोणत्या कारणानें गेलीं, यावरून त्यांची परीक्षा करूं नये. तेथें जाऊन काय दिलें व मागें राहिलेल्यांस किती जपलें, यावरून करावी. आपण मागें राहिलेलीं माणसें आहों; तेव्हां आपल्याकडेही कांहीं काम येतें. बावधनच्या ज्या मुलांचें घर त्या वाटेवर आहे, त्यांनीं आठवड्यांतून एकदां त्या आजीच्या दारांत जाऊन "आजी, कांहीं आणूं का?" एवढें विचारावें. पत्राचें उत्तर मी सरांना लिहिणारच आहे; त्यांत ही बातमीही कळविण्याची माझी इच्छा आहे.