सुरक्षित घर, सुरक्षित दुकान (लेखांक ७) : भोंगा उगाच का वाजतो?

मागच्या आठवड्यात दाराच्या चुंबकी सेन्सरची ओळख झाली. आज चोर नसताना वाजणाऱ्या भोंग्याबद्दल. पहिल्या रात्री तो वाजतो तेव्हा अख्खी आळी जागी होते. चौथ्या-पाचव्या खेपेला शेजारी कूस बदलतात आणि मालक सिस्टीम बंद करून झोपतो. खरं नुकसान इथे होतं. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत तर बहुतेक अलार्म खोटे निघू लागल्यावर २००० साली शहराने नियमच केला, की आधी कुणीतरी जागेवर जाऊन खात्री करायची, मगच पोलीस येतील.

खोट्या अलार्मचं खापर बहुतेक वेळा यंत्रावर फुटतं. माझ्या मते दोष जास्त करून ते बसवण्याच्या जागेचा असतो.

खोलीच्या कोपऱ्यातली पांढरी डबी, म्हणजे पीआयआर सेन्सर, माणूस ओळखत नाही. ती उष्णतेतला बदल टिपते. तिच्या पुढच्या प्लॅस्टिकच्या भिंगामुळे खोलीचे पंख्यासारखे पट्टे पडतात. भोवतालपेक्षा गरम काही एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की आतल्या संवेदकाला ते कळतं. म्हणून ती एसीच्या झोतासमोर, हलत्या पडद्यासमोर किंवा ऊन येणाऱ्या खिडकीकडे तोंड करून लावू नये. चोर तिच्यासमोरून आडवा जाईल अशी जागा सर्वांत चांगली. सरळ तिच्याकडे चालत येणारा माणूस तिला उशिरा कळतो.

आपल्याकडचा मोठा उपद्रव मात्र पालीचा. समोरच्या भिंतीवरची पाल सेन्सरच्या खिजगणतीतही नसते. तीच पाल भिंगावर चढली की एकाच वेळी कितीतरी पट्टे झाकते आणि सेन्सरला कुणीतरी मोठं हललंसं वाटतं. ट्यूबलाइटपाशी किडे येतात, किड्यांमागे पाल येते. तेव्हा सेन्सर ट्यूबपासून लांब हवा. वायरसाठी पाडलेलं भोक सिलिकॉनने बुजवा, नाहीतर मुंग्या आणि कोळी आत घर करतात. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने भिंग पुसलं तरी पुष्कळ फरक पडतो.

दुकानांसाठी मी ड्युअल सेन्सर सुचवतो. त्यात पीआयआरच्या जोडीला मायक्रोवेव्ह असतो आणि दोघांनाही हालचाल जाणवली तरच भोंगा वाजतो. मायक्रोवेव्ह काचेतून, प्लायच्या पार्टिशनमधून पलीकडे जातो, त्यामुळे त्याचा पल्ला खोलीपुरताच ठेवायला टेक्निशियनला आवर्जून सांगा.

पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात, नीट बसत नाहीत, आणि चुंबक सेन्सरपासून दूर राहतो. वाऱ्याने शटर खडखडतं. शटरला घरच्या दाराचा नाजूक सेन्सर चालत नाही, जाड धातूचाच लागतो. सिस्टीमच्या पॅनलमधली १२ व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांत दमते. मग वीज गेली की पॅनल भलतेच इशारे देऊ लागतं.

ऑफिसात बहुतेक वेळा कारण माणूसच असतो. सकाळी झाडलोटीला येणाऱ्या मावशींना किल्ली दिलेली असते, कोड मात्र कुणी शिकवलेला नसतो. भोंगा वाजला की बोलणी त्यांनाच! त्यांना वेगळा कोड द्या, एकदा सोबत उभं राहून कीपॅड दाबून दाखवा, आणि आत शिरल्यावर कोड टाकायला निदान अर्धं मिनिट मिळेल अशी सेटिंग करून घ्या.

आणि भोंगा वाजलाच, तर आधी आजूबाजूला कुणी नाही ना याची खात्री करा. मग रीसेट करण्यापूर्वी कुठला झोन, म्हणजे सिस्टीमचा कुठला भाग, वाजला ते पॅनलवर पाहून वेळेसकट वहीत लिहा. तोच झोन पुन्हा वाजला तर दुरुस्ती होईपर्यंत तेवढाच बायपास करा. बाकीची सिस्टीम कृपा करून बंद करू नका.