सलामाचं उत्तर

माझ्या धाकट्या जावेबद्दल घराचं मत बनलं ते निकाहनंतर तिसऱ्याच दिवशी. फुफीसासू भेटायला आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी सलाम केला. नवी दुल्हन ओट्याशी पाठमोरी उभी, मिक्सर चालू. तिने वळूनही पाहिलं नाही. फुफी बाहेर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सलामाचं उत्तर देणं वाजिब आहे, एवढंही माहेरी शिकवलं नाही वाटतं!"

त्यानंतर पुरावे आम्हीच गोळा करत गेलो. दस्तरखानावर ती नेहमी टोकाला, उजव्या हाताला भिंत येईल अशी बसायची. म्हणजे आमच्यात मिसळायचं नाही. लग्नाघरच्या गर्दीत प्रश्नाला नुसती हसायची; म्हणजे घमेंड. तिला "मॅडम" हे नाव मीच ठेवलं. आज लिहिताना लाज वाटते, पण ते मीच ठेवलं.

वर्षभराने बाळ झालं. दीर नोकरीसाठी आखातात परतले होते. एका रात्री बाळ किती वेळ रडत होतं आणि ती शेजारीच झोपलेली. शेवटी अम्मी उठून गेल्या, बाळाला उचललं. सकाळी घरात जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईच्या काळजाबद्दल शंका घेण्यापर्यंत गोष्ट गेली. ती गप्प बसून राहिली, आणि त्या दिवसापासून रात्री नीट झोपेनाशी झाली. डोळ्यांखाली काळं दिसू लागलं.

रमजानमध्ये एका संध्याकाळी आम्ही दोघी समोशांचं पीठ मळत होतो. तिचा फोन वाजला. डावा हात कोपरापर्यंत पिठाने भरलेला, उजवा मोकळा. तिने उजव्या हातात फोन घेतला, मान वाकडी केली आणि छातीवरून हात आडवा नेऊन फोन डाव्या कानाला लावला. कुणी इतका खटाटोप का करेल? मी काही बोलले नाही. पण पुढचे चार दिवस तिच्याकडे पाहत राहिले, आणि एका घरात राहून पहिल्यांदाच नीट पाहिलं. डावीकडून हाक मारली की ती लगेच "जी" म्हणायची. उजवीकडून मारली की कधी उत्तर यायचं, कधी नाही. आलं तरी आवाज कुठून आला हे शोधत ती भलतीकडेच पाहायची. झोपताना कायम उजव्या कुशीवर. दस्तरखानावरच्या त्या टोकाच्या जागेचा अर्थही तेव्हा लागला. तिथे बसलं की आम्ही सगळे तिच्या डाव्या बाजूला यायचो.

तरावीहनंतर मी तिच्या डावीकडे जाऊन बसले आणि हळूच विचारलं, "उजव्या कानाने ऐकू येत नाही का गं?"

ती किती तरी वेळ रडली. सातव्या वर्षी गालगुंड झाले होते, त्यात तो कान गेला. "सासरी सांगू नकोस, निस्बत मोडेल," असं आईने बजावलं होतं. त्या रात्री झोपेत ती डाव्या कुशीवर वळली होती, चांगला कान उशीत दाबला गेला होता.

लपवायला नको होतं, हे मलाही पटतं. पण आधी सांगितलं असतं तर आम्ही होकार दिला असता का? छातीवर हात ठेवून "हो" म्हणण्याची माझी हिंमत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओमेट्री करून घेतली. बंद खोलीत प्रत्येक कान वेगवेगळा तपासतात. गालगुंडात आतल्या कानाला इजा होऊ शकते, बहुधा एकाच बाजूला, आणि गेलेलं ऐकू येणं सहसा परत येत नाही. दुसरा कान चांगला असल्याने माणूस समोरासमोर व्यवस्थित बोलतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. अडचण येते ती गोंगाटात आणि आवाजाची दिशा ओळखताना. बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोहोचवणारं यंत्र मिळतं. ते घ्यायचं का, हे अजून ठरायचं आहे. भगिनींनो, सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते. गालगुंडापासूनही बचाव करणाऱ्या एमएमआर लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा.

त्याच रमजानमध्ये सूरह अबस वाचताना मी अडखळले. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते आले आणि मध्येच विचारू लागले. प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी पडली आणि त्यावर आयती उतरल्या. प्रेषित (स.) कुणाशी बोलत आहेत, हे इब्ने उम्मे मक्तूम यांना दिसत नव्हतं. ती आठीही दिसली नसणार. माझ्या जावेला आमची कुजबुज ऐकू आली नसेल, पण आमचे चेहरे मात्र तिला वर्षभर दिसत होते.

आता पाळणा अम्मींच्या पलंगाशी असतो. बाळ रडलं की त्या तिला हाताने हलवून उठवतात. फुफींना सगळं सांगितलं, तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. ईदच्या दिवशी आल्या तेव्हा दारात थांबल्या नाहीत. आत गेल्या, ओट्याला वळसा घालून तिच्या डावीकडे उभ्या राहिल्या आणि मग सलाम केला.