राणीछाप रुपयावरची दोन अक्षरे

आपल्या दिघाशीतच काय, साऱ्या मुलखात जुनी माणसे ‘राणीछाप रुपया’ म्हणत. राणी म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया. पण तिचा चेहरा कोरला कोणी? ते आज पाहू.

नाण्यावरचे चित्र आधी पोलादाच्या ठशात कोरतात. ठशात सारे उलटे असते. नाण्यावर नाक उंच, तर ठशात तिथे खळगा. अक्षरेही आरशात दिसावीत तशी उलटी. ठसा चांदीवर जोराने दाबला की चित्र सुलट उठते. अंगठीच्या खड्यावर मोहोर खोदणाराही असेच उलटे कोरतो. हात जरा घसरला, तर ती चूक हजारो नाण्यांवर उठायची! म्हणून ही विद्या वडीलधाऱ्यांच्या हाताखाली बसूनच येते.

इंग्लंडात वायन नावाचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करी. नाणी, मोहोरा, पदके, सारे त्यांच्या हातचे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईचे पदक थॉमस वायनने कोरले. तो १८१७ साली ऐन तारुण्यात वारला. पुढे त्याचा चुलतभाऊ विल्यम १८२८ साली लंडनच्या सरकारी टांकसाळीत ठसे कोरणारा मुख्य कारागीर झाला.

विल्यमने कोरलेली राणी कंपनी सरकारच्या १८४० सालच्या रुपयावर आली. हे रुपये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पडत. बारा भागांत अकरा भाग चांदी, वजन सुमारे ११.६६ ग्रॅम. आपला जुना तोळा तो हाच, बरे का!

विल्यम १८५१ साली वारला. मुलगा लेनर्ड बापाजवळच शिकलेला. १८५७ च्या उठावात इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांना सरकारने पदक दिले. त्याच्या एका बाजूस बापाने कोरलेली राणी आहे, दुसऱ्या बाजूचे चित्र मुलाचे. बाप गेला, पण त्याचे काम मुलाच्या कामाला जोडून राहिले. मात्र ते पदक आपल्याच लोकांचा उठाव मोडल्याबद्दल होते. विद्या खरी, हात खरा. पण तो कोणाच्या कामी आला, हेही माणसाने पाहावे, असे आम्हांस वाटते.

आता दोन अक्षरांचे सांगतो. १८४० च्या काही रुपयांवर राणीची मान जिथे संपते, तिथे ‘डब्ल्यू’ हे इंग्रजी अक्षर दोनदा बारीक कोरलेले असते. विल्यम वायन या नावाची ती खूण. राणीचे नाव मोठे, कारागिराचे एवढेसे. पण वाचणाऱ्याला ते सापडते.

तेव्हा घरी असा रुपया असेल तर चिंचेने घासू नका, घाईने मोडीत घालू नका. उजेडात धरा. आधी सन वाचा, मग मानेखाली बघा.