कोबोल्ड, व्यंतर आणि श्रावक

युरोपातील लोककथांत गॉब्लिन नावाची खुजी, खोडकर पिशाचे आढळतात. जर्मनीतील कोबोल्ड हा त्यांचाच भाईबंद. सॅक्सनीच्या खाणींतील एक खनिज चांदीसारखे भासे. भट्टीत घालताच मात्र चांदीऐवजी विषारी धूर निघे. कोबोल्डाने चांदी पळवली, असे खाणकामगार म्हणत. १७३५ च्या सुमारास स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांट या रसायनशास्त्रज्ञाने अशा खनिजात एक नवा धातू असल्याचे दाखवले. धूर आर्सेनिकचा होता. पिशाच गेले, ‘कोबाल्ट’ हे नाव तेवढे उरले.

वऱ्हाडातही दुखणे किंवा तोटा आला, की भुताखेतांची बाधा शोधली जाई. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनांतून अशा भोळ्या समजुतींवर आणि नवसापोटी दिल्या जाणाऱ्या पशुबळींवर जन्मभर प्रहार केला. अहिंसा मानणाऱ्या समाजाला त्यांचे हे कार्य आपलेच वाटावे.

जैन दर्शन व्यंतर देव नाकारत नाही. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या त्यांच्या आठ प्रकारांत भूत आणि पिशाचही येतात. परंतु तेही जन्ममरणाच्या फेऱ्यात अडकलेले जीवच. आपले कर्म ते बदलू शकत नाहीत. लाभाच्या आशेने रागद्वेषयुक्त देवतांना भजणे, याला समंतभद्राचार्यांनी ‘देवमूढता’ म्हटले आहे.

म्हणून अकोल्याच्या पेढीवर तोटा आला, तर आधी खतावणी तपासावी. घरात दुखणे आले, तर डॉक्टर गाठावा. दोष पिशाचावर टाकला, की हिशोबातील चूक तशीच राहते.