सागरी महामार्ग सलग नाही

एप्रिलची वीस तारीख उलटली की लालबागच्या आमच्या चाळीत एकच विषय निघतो. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, मसाला कांडून बरण्यांत भरलेला असतो, आता कोकणात गावी कधी निघायचं? पूर्वी एसटी नाहीतर रेल्वे. हल्ली दोन-तीन कुटुंबं मिळून कॅरॅव्हॅन भाड्याने घेतात. आत पलंग, ओटा, संडास. गुडघे दुखणाऱ्या आजीला वाटेत हॉटेलच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. सोय खरोखर चांगली आहे. माझी तक्रार गाडीबद्दल नाही, रस्त्याबद्दल आहे.

"काका, या वेळी हायवे नकोच. सागरी महामार्गाने जाणार. रेवसपासून थेट गावापर्यंत समुद्र बघत बघत." हे वाक्य मी यंदा चार वेळा ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या मुलाने तर मोबाईलवर निळी रेघच दाखवली. मी ती बोटांनी मोठी करून दाखवली. बाणकोटच्या खाडीत रेघेचे ठिपके झाले होते. ठिपके म्हणजे पाणी.

मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या काळात पुढे आलेला रेवस ते रेडी हा सागरी मार्ग सरकारी कागदावर एक आहे, जमिनीवर तुकड्यातुकड्यांचा आहे. त्याला कारण भूगोल. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या थोडंसं अंतर कापून समुद्राला मिळतात आणि त्यांची मुखं भरतीच्या पाण्याने रुंद झालेली असतात. त्याच आपल्या खाड्या. मुंबईहून रत्नागिरीकडे जाताना आधी धरमतर, मग कुंडलिका, राजपुरी, सावित्रीची बाणकोट खाडी, वासिष्ठीची दाभोळ खाडी आणि शास्त्री नदीची जयगड खाडी. कुंडलिकेवर रेवदंडा-साळाव पूल आहे. बाकी ठिकाणी किनारा सोडायचा नसेल तर फेरीबोट: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. सुरुवातीला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गेलात, तर 2020 मध्ये सुरू झालेली रो-रो धरून बोटी पाच. पुलांच्या घोषणा वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. बाणकोटच्या खाडीत पुलाचे अर्धवट खांब कित्येक वर्षं उभे आहेत.

दाभोळला बोट चुकली तर गुहागर गाठायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. बागमांडल्याला चुकली तर म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ करत खाडीच्या वरच्या अंगाने फिरायचं, आणि अवजड गाडीने तिथल्या पुलाची तेव्हाची स्थिती आधी विचारून घ्यायची. रात्री फेऱ्या थांबतात. मे महिन्यात जेटीवर गाड्यांची रांग लागते आणि लहान मोटारींमध्ये लांबलचक कॅरॅव्हॅनला जागा शेवटी मिळते.

बोट मिळाली तरी उताराचा प्रश्न उरतोच. ओहोटीला बोट खाली जाते, जेटीचा उतार तीव्र होतो आणि कॅरॅव्हॅनची मागच्या चाकांपलीकडे आलेली शेपूट काँक्रीटला घासते. गेल्या मे महिन्यात एका जेटीवर मी हे डोळ्यांनी पाहिलं. पुढची चाकं बोटीच्या फळीवर चढली, मागून 'खर्रर्र' असा आवाज आला आणि सांडपाण्याच्या टाकीचा नळ तुटून खाली पडला. आत दोन लहान मुलं आणि एक म्हातारी बसलेली. बोटीवरच्या पोराने लाकडी ओंडके चाकांखाली सारले, सगळ्यांना उतरवलं आणि इंच-इंच करत गाडी वर घेतली. अर्धा तास गेला. मागच्या रांगेतले लोक ओरडत होते.

हे टाळायचा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास सुकती, अर्थात ओहोटी. जागेनुसार थोडं पुढेमागे होतं, पण अष्टमीच्या दुपारी बारा वाजता लांब गाडी घेऊन जेटीवर पोचू नये एवढं त्यातून कळतं. कालनिर्णय प्रत्येकाच्या भिंतीवर आहे. मग बघत का नाही आपण?

आता "समुद्र बघत बघत" याबद्दल. हा रस्ता बराचसा समुद्रापासून आत, सड्यावरून जातो. दापोली गाव डोंगरावर आहे, समुद्र खाली काही किलोमीटरवर. गुहागरात रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमागून जातो, लाटेचा आवाज येतो, पाणी दिसत नाही. आंजर्ले-केळशीकडे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वरून फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा. समोरून एसटी आली तर कोणीतरी एक पाव किलोमीटर मागे जायचं, आणि ती एसटी नसते.

खरोखर पाण्याला लागून जाणारे तुकडे मोजके आहेत, आणि ते अप्रतिम आहेत. दिवेआगर ते श्रीवर्धन, आरावी-शेखाडीवरून. काशीदच्या आसपासचा. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येताना आरे-वारे, जिथे वळण घेताच खाली दोन किनारे एकदम उघडतात. यांतला एक निवडा आणि त्यासाठी पूर्ण दिवस ठेवा.

म्हणून मी विचारणाऱ्याला बांगड्याचा काटा आठवायला सांगतो. मधला कणा म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, जुना 17 नंबर, आताचा 66. त्याच्यावर कितीही राग असला तरी कशेडीला आता बोगदा आहे आणि मोठी गाडी त्यावर सुरक्षित चालते. कण्यातून समुद्राकडे काटे फुटतात: माणगावहून म्हसळा-श्रीवर्धन, खेडहून दापोली, चिपळूणहून गुहागर, निवळीहून गणपतीपुळे, कसालहून मालवण. एका सहलीत एक काटा उतरा, फार तर दोन, आणि त्याच वाटेने परत कण्यावर या. लहान मुलं नि म्हातारी माणसं सोबत असताना पाच बोटींची शर्यत कशाला?

बाकीचे समज थोडक्यात सांगतो. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये पलंगावर झोपता येतं, हा सगळ्यांत घातक. केंद्रीय मोटार वाहन नियम 138 मागच्या, पुढे तोंड असलेल्या सीटवरही पट्टा लावायला सांगतो. पलंग गाडी उभी असतानाचा. घाट उतरताना न्यूट्रल केल्याने डिझेल वाचतं, हा दुसरा. आंबा घाटात नाहीतर गगनबावड्याला एवढ्या वजनाची गाडी नुसत्या ब्रेकवर धरली की ब्रेक तापून निकामी होतात. खालच्या गिअरमध्येच उतरायचं. कॅरॅव्हॅन कुठेही लावून मुक्काम करता येतो, असंही नाही. राज्याच्या 2021 च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणात त्यासाठी वेगळ्या पार्कची कल्पना आहे. तोवर ओळखीची वाडी किंवा परवानगी देणारं हॉटेल बघा, आणि टाकी कुणाच्या पऱ्ह्यात रिकामी करू नका. गाडी पुळणीवर न्यायची नाही. ती रुतते, आणि वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची अंडी असतात. घाट पावसात सुंदर दिसतात म्हणून जुलैत निघणाऱ्यांनी 28 जुलै 2018 चा आंबेनळी घाट आठवावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस तिथेच दरीत कोसळली होती.

तरीही कुणाला एखादी बोट करायचीच असेल तर जरूर करा. मुलांना गाडीसकट खाडी ओलांडण्याचा आनंद मोठा असतो. फक्त निघायच्या आदल्या दिवशी जेटीवर फोन करा, गाडीची लांबी आणि उंची फुटांत सांगा, शेवटची फेरी किती वाजता ते विचारा आणि कॅलेंडरवर तिथी बघून ठेवा.