थंडीतील धावण्याचा सराव : पोशाख व पूर्वतयारी

दिवाळी सरली की आपल्या दोंडाईच्यात पहाटेच्या अंधारात शहादा रस्त्याने, नंदुरबार रस्त्याने धावणारी मुले-मुली दिसू लागतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस किंवा सैन्य भरती असते. अलीकडच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असून त्यातील २० गुण लांब धावेचे, म्हणजे मुलांसाठी १६०० व मुलींसाठी ८०० मीटरचे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये ही चाचणी ऐन थंडीतच सुरू झाली होती. तेव्हा हा विषय हौसेचा नसून पोटापाण्याचा आहे.

खानदेशची थंडी साधी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धुळ्याचा पारा ५ अंशांच्या खाली उतरला होता. तरुणपणी मीही भरतीसाठी धावत असे. एका पहाटे गारठलेल्या अंगाने एकदम वेगात सुटलो आणि मांडीचा मागचा स्नायू ताणला गेला. महिनाभर लंगडलो, तेवढ्यात भरतीची तारीख निघून गेली. पुढे बँकेत लागलो, पण ती चुटपुट राहिली. तुमच्या वाट्याला ती येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पोशाखाचा विचार करू. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून उभे असताना ऊब वाटेल एवढे कपडे घातले, तर दहा मिनिटांत घामाघूम व्हायला होते. निघताना किंचित गार वाटावे, हे योग्य पोशाखाचे लक्षण. सुती बनियन घाम शोषून ओलेच राहते आणि वारा लागला की अंगातील उष्णता ओढून घेते. त्यापेक्षा खेळाडू वापरतात तसा पातळ, लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बरा. त्यावर जुना स्वेटर किंवा जाकीट घालावे व अंग तापल्यावर काढावे. थंडीत शरीर रक्त आतल्या अवयवांकडे राखते, त्यामुळे बोटे व कान आधी गारठतात. कानटोपी आणि साधे हातमोजे पुरेसे आहेत. महागड्या ट्रॅकसूटची गरज नाही.

दुसरी गोष्ट अंग तापवण्याची. शेकोटीने कातडी शेकते, स्नायू तयार होत नाहीत. उलट धूर मात्र छातीत जातो. पाच मिनिटे भरभर चालावे, पाच-सात मिनिटे हळू धावावे, मग गुडघे उचलणे, पाय पुढे-मागे झुलवणे असे व्यायाम करावेत व त्यानंतरच वेग घ्यावा. ताण देऊन स्थिर राहण्याचे व्यायाम धावणे संपल्यावर करावेत. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा; थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आवळली जाते. नाकावर सैल मफलर घेतल्यास आराम पडतो.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजल्यानंतर उगवतो. अंधारात रस्त्यावर पांढरे कपडे घालावेत व समोरून येणारे वाहन दिसेल असे उजव्या कडेने धावावे. धावून झाल्यावर गप्पा मारत उभे न राहता ओले कपडे लगेच बदलावेत. थंडीत तहान कमी लागते, पण घाम जातच असतो. म्हणून पाणी विसरू नये.

चाचणीच्या दिवशी मैदानावर तासन्‌तास थांबावे लागते. क्रमांक पुकारेपर्यंत स्वेटर अंगावरच ठेवा आणि आपली पाळी जवळ आली की पुन्हा अंग तापवा. सकाळी सहाला केलेला व्यायाम नऊ वाजता उपयोगी पडत नाही.

शेवटी सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. घरात पडून असलेला एखादा स्वेटर, एखादी कानटोपी पहाटे धावणाऱ्या गरजू मुलाला द्यावी. आपल्याला ती अडगळ असेल. त्याचा त्या हिवाळ्याचा सराव मात्र त्यावर निभावून जाईल.