रिव्हेट तुटायच्या आधी

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस भारतात २००४ साली आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती, पाच गिअर. दिसायला साधी सेडान, पण ॲक्सिलरेटर दाबला की सीटमध्ये रुतवणारी. छत्रपती संभाजीनगरजवळचा स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना २००१ साली सुरू झाला तो ऑक्टाव्हियाच्या जोडणीवर, त्यामुळे या शहराला ही गाडी घरची वाटते. कारखान्यात जोडणीवर काम केलेली माणसं इथे आहेत, ती गाडी आतून ओळखणारे मिस्त्री आहेत. आता त्या गाड्यांनी वीस वर्षं ओलांडली. इंजिन अजून तगडं असतं, पत्रा शाबूत असतो. दमतो तो गिअरबॉक्स.

चिकलठाण्याच्या बाजूच्या एका गॅरेजात अशाच एका आरएसचा गिअरबॉक्स बदलताना मी शेजारी उभा राहून पाहिला. दुसरा गिअर टाकताना दात घासल्यासारखा खरखराट, आणि चौथ्यात ॲक्सिलरेटर सोडला की दांडा आपोआप न्यूट्रलला. त्याच्या जागी बसवायला आणला होता तो डिझेल ऑक्टाव्हियाचा गिअरबॉक्स, मुंबईच्या कुर्ल्यातून, जुन्या मालाच्या बाजारातून.

पेट्रोलच्या गाडीला डिझेलचा गिअरबॉक्स कसा चालतो? हे दोन्ही गिअरबॉक्स फोक्सवॅगन समूहाच्या ‘०२ जे’ या एकाच घराण्यातले. इंजिनाला जोडणारी तोंडं सारखी, बोल्टची भोकं सारखी. फरक आतल्या दातांच्या हिशोबात. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर देतं आणि साडेचार हजारांच्या आसपास थकतं, म्हणून त्याचे गिअर लांब ठेवलेले असतात. तेच गिअर साडेसहा हजारांपर्यंत जाणाऱ्या टर्बो पेट्रोलला लावले, की उडीचा तडाखा थोडा कमी होतो, पण लांबच्या रस्त्यावर पाचव्यात इंजिन निवांत फिरतं. या आरएसच्या मालकाचं रोजचं जाणं-येणं जालन्याला, त्यामुळे त्याला हा सौदा पटला. ट्रॅकवर पळवायची गाडी असती तर मी त्याला नको म्हटलं असतं.

आणलेला गिअरबॉक्स गॅरेजच्या उस्तादांनी थेट गाडीत चढवला नाही. आधी बाकावर उघडला. याच कामाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण पैसे वाचवायला नेमकं हेच टाळलं जातं.

‘०२ जे’चा खरा कच्चा दुवा गिअरमध्ये नाही, डिफरन्शियलमध्ये आहे. इंजिनाचा सगळा जोर शेवटी एका मोठ्या दातेरी चक्रात येतो आणि तिथून दोन्ही एक्सलना वाटला जातो. ते चक्र डिफरन्शियलच्या ठोकळ्यावर बोल्टने नाही, रिव्हेटने बसवलेलं असतं. कारखान्यात रिव्हेट ठोकणं स्वस्त आणि झटपट. नव्या गाडीत, सरळ चालवणाऱ्याच्या हातात, ते रिव्हेट वर्षानुवर्षं टिकतात. पण टर्बोचा झटका, क्लच एकदम सोडायची सवय, एक चाक वाळूवर आणि एक डांबरावर अशी सुटलेली पकड, हे सगळं त्या रिव्हेटवर येतं. एखाद्या रिव्हेटचं डोकं उडालं, की ते फिरत्या चक्राबरोबर आतल्या आत आपटत राहतं आणि ॲल्युमिनियमच्या कवचाला आतून भोक पाडतं. तेल रस्त्यावर सांडतं. चांगले गिअर, चांगल्या बेअरिंगा, सगळं त्या एका डोक्यापायी वाया जातं. गाडी वेगात असेल तर चाकं जाम होण्याचा धोका वेगळाच.

याच्यावरचा इलाज बाजारात मिळतो : कणखर पोलादाच्या बोल्टचा संच. शेजारच्या टर्नरने रिव्हेटची डोकी ग्राइंडरने घासून काढली आणि पिलर ड्रिलवर अंग पोखरून रिव्हेट पंचने बाहेर पाडले. त्याआधी त्याने बेअरिंग आणि दात कापडाने घट्ट बांधून घेतले, कारण लोखंडाचा एक कीस बेअरिंगमध्ये राहिला तर पुढचं सगळं काम फुकट. मग चक्र तापवून पुन्हा बसवलं, बोल्टच्या आट्यांना लॉकटाइट लावलं आणि समोरासमोरचे बोल्ट जोडीजोडीने टॉर्क पान्याने आवळले. हा टर्नर एरवी कारखान्यांची कामं करतो. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसींनी या शहराला अशा हातांची सवय लावली आहे, मायक्रोमीटर खिशात असावा तशी वागणारी माणसं. जुन्या स्पोर्ट्‌स गाडीला या शहरात आयुष्य मिळतं ते त्यांच्यामुळे.

“साहेब, इथं बोट फिरवून बघा,” उस्तादांनी सिंक्रो रिंग माझ्या हातात दिली. पितळेची रिंग, आतल्या बारीक आट्या शाबूत. जुन्या गिअरबॉक्समधली दुसऱ्या गिअरची रिंग मात्र गुळगुळीत झालेली. गिअर पडताना दोन फिरत्या भागांचा वेग जुळवायचं काम या आट्यांचं. त्या गेल्या की खरखराट.

गाडीतली काढघाल मेहनतीची, पण सरळ. बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर, इंजिन वरून आडव्या दांड्याला टांगलेलं, एक्सल सुटे, स्टार्टर सुटा, खालचं माउंटिंग मोकळं. एक्सलच्या बोल्टांना बारा कोनांचा खास बिट लागतो. साधा ॲलन की घालून झटका दिला की बोल्टचं तोंड खराब होतं आणि मग तासभर छिन्नी. फ्लायव्हील पेट्रोल इंजिनाचंच राहिलं, क्लच त्याच्या मापाचा नवा. तो बसवण्याआधी गॅरेजातल्या बारक्याने नवी क्लचप्लेट आणलेल्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून पाहिली. दाते जुळतात का, हे गिअरबॉक्स वर चढवल्यावर कळून उपयोग नाही. स्पीडोमीटरची काळजी नव्हती. तो वेग डिफरन्शियलकडून घेतो, त्यामुळे गिअर लांब झाले तरी काटा खरंच सांगतो.

सगळ्यात नाजूक वेळ शेवटची होती. गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दोन केबली असतात. गिअरबॉक्सवरचा सिलेक्टर खाली दाबून त्याच्या खटक्याने अडकवायचा, आत दांड्याला न्यूट्रलमध्ये बारीक ड्रिल बिट घालून रोखायचं, आणि मग केबलीची कुलपं सोडायची. केबल स्वतःची लांबी स्वतः शोधते. इथे मिलीमीटरभर चूक राहिली तरी रिव्हर्स आणि पहिला एकमेकांच्या वाटेवर येतात.

तेलावरून मालकाशी थोडी बोलाचाली झाली. त्याने महागडं जीएल-५ आणलं होतं. उस्तादांनी ते बाजूला ठेवून जीएल-४ मागवलं, दोन लिटर. जीएल-५ मधली गंधकाची भर हायपॉइड गिअरला चांगली, पण सिंक्रोच्या पितळेला ती खाते आणि रिंगला पकड धरू देत नाही. मालकाला पटायला वेळ लागला. महाग ते चांगलं हे डोक्यातून सहज जात नाही.

चाचणीला गाडी जालना रोडला काढली. दुसरा गिअर बोटाच्या टोकाने पडत होता. तिसऱ्यात टर्बो पूर्वीपेक्षा थोडा उशिरा जागा झाला, आणि पाचव्यात टॅकोमीटरचा काटा पूर्वीच्या जागेपेक्षा स्पष्ट खाली थांबला. मालक खूश होता. उस्ताद बाजूच्या सीटवर डोळे मिटून फक्त आवाज ऐकत बसले होते.

परतल्यावर त्यांनी त्याला एवढंच बजावलं : “पहिले पाचशे किलोमीटर क्लच सांभाळून सोडा, भाऊ. मग तेल काढायला या. पांढऱ्या ट्रेमध्ये काढू. पितळेची चमक दिसली तर चालेल, पहिल्या तेलात थोडी येतेच. पण लोखंडाचा कण दिसला, तर गिअरबॉक्स परत खाली उतरवायचा.”